रिकाम्या मांडवातलं मोजमाप

अपोंडी कबरीकडे पाठ करून बसते. आमच्या भागात तिला ओळखायची हीच खूण आहे. सगळं गाव खड्ड्याकडे तोंड करून रडत असतं आणि ही बाई प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, भलतीकडेच तोंड करून बसलेली असते. नवखी माणसं चिडतात. म्हातारी माणसं "हिला काही रीतभात?" असं पुटपुटतात. मग कोणीतरी त्यांना सांगतं, की परदेशातल्या पोराबाळांना घरची मयत दाखवणारी ती हीच. दुपारचं ऊन पडद्यावर पडलं की तिला काही दिसत नाही, म्हणून ती सूर्य बघून बसते, कबर बघून नाही.

मी मंडपवाला, नाव ओबोन्यो. तंबू, खुर्च्या, भोंगे, जनरेटर, मोठी पातेली, शवपेटी सोडून मयतीला लागणारं सगळं माझ्याकडे मिळतं. उगुंजाच्या बाजारात माझं गोदाम आणि तिचं दुकान समोरासमोर आहे. सहा वर्षं झाली, दर शनिवारी आम्ही दोघं कुठल्या ना कुठल्या अंगणात बरोबर असतो. ती मला ओमेरा म्हणते, म्हणजे भाऊ. तिच्या चहात साखर किती लागते ते मला ठाऊक आहे. एका मयतीत माझ्या फोनचा पॅक संपला होता तेव्हा तिने मला तिच्या राउटरचा पासवर्डही दिला होता. इतकी आमची ओळख.

ती मूळची सरोवराकाठच्या यिंबोची, म्हणून बाकीचे सगळे तिला न्यार यिंबो म्हणतात, यिंबोची लेक. बाप मासेमार होता. घरात खाणारी तोंडं फार म्हणून ती एकविसाव्या वर्षी आखाती देशात घरकामाला गेली. तिथे दुसऱ्या वर्षी तिला बाप गेल्याचा निरोप आला. मालकीणबाईंनी सुट्टी दिली नाही, पासपोर्टही त्यांच्याकडेच. चुलतभावाने फोनवरून मयत दाखवायचं कबूल केलं. अपोंडीने भांड्यांच्या रॅकला फोन टेकवला आणि हात धुऊन समोर उभी राहिली. पाद्र्याची प्रार्थना झाली, पेटी खाली गेली, पहिलं फावडं उचललं गेलं आणि चित्र थांबलं. फावडं हवेत, माती हवेत, मध्ये एक गोल गोल फिरणारं चक्र. ती तासभर त्या चक्राकडे बघत उभी होती. पुढे कधी हा विषय निघाला, तर ती एकदाच म्हणाली होती, "माझा बाप माझ्या मनात अजून अर्धाच पुरलेला आहे, ओमेरा." मी मंडपवाला माणूस, मला मयतीचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी मी जेवणाचा डबा तसाच झाकून ठेवला.

परत आल्यावर तिने दुकान टाकलं. कागदांच्या प्रती, अर्ज भरणं, परीक्षेचे निकाल, सगळी कामं. पण मनात एकच प्रश्न होता, की ते चित्र थांबलं का? बाजारामागच्या टेकडीवर फोनचा टॉवर आहे. तिथे दुरुस्तीला तंत्रज्ञ आले की ही चहाचा थर्मास आणि गरम मांदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, घेऊन वर चढायची. एका कपाला एक प्रश्न. वर्षभरात त्या लोकांना पोटभर मांदाझी मिळाली आणि हिला विद्या मिळाली.

मला तिने ती फाटकावरून शिकवली, कारण मला तेवढंच कळतं. आमच्या प्रत्येक घराला पुढे मोठं फाटक असतं, लॉरी आत येईल एवढं. मागच्या कुंपणात एक फट असते, बकरी आणि बारीक माणूस जाईल एवढी. "ओमेरा," ती म्हणाली, "इंटरनेट बाहेरून आपल्याकडे येतं ते पुढच्या फाटकातून. आपण बाहेर पाठवतो ते मागच्या फटीतून. कंपन्यांनी ते असंच बांधलंय, कारण लोक बघतात फार आणि पाठवतात थोडं. मयतीत मात्र सगळं उलटं. आपल्याला पाठवायचं असतं."

"मग वेग वेग काय म्हणतात?" मी विचारलं.

"वेग कसला, रुंदी ती. माणूस त्याच्या चालीनेच चालतो. फट रुंद असली तर एका वेळी दहा जण जातात, अरुंद असली तर एकामागे एक रांग लागते. रांगेत चेंगरून काही बाहेर पोचतच नाहीत. चित्र तुटतं ते तिथे."

तिच्या पडद्यावर कायम दोन आकडे असतात, एक येणाऱ्याचा, एक जाणाऱ्याचा. मीही ते वाचायला शिकलो. स्वच्छ चित्र पाठवायचं तर जाणारा आकडा दोन तरी हवा. धूसर चित्राला अर्धा पुरतो. नुसत्या आवाजाला त्या अर्ध्याचाही दहावा हिस्सा बास होतो.

आता पेरेसच्या मयतीचं सांगतो. अपोंडी काय आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी काय आहे, तेही.

पेरेस ही म्वालिमू ओचोलाची आई. ओचोला आमच्या शाळेचा मुख्याध्यापक, सगळे त्याला म्वालिमू म्हणजे गुरुजीच म्हणतात. पण तो धाकटा. थोरला ओडेरा कॅनडात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळी करतो. त्याचे तिथले कागद अजून व्हायचे होते. आला असता तर परत जाता आलं नसतं, आणि त्याच्या पैशावर इथे सात पोरं शिकत होती. आमच्याकडे आईच्या कबरीत पहिली मूठमाती थोरल्याची. त्याच्या आधी धाकट्याचा हात मातीला लागत नाही. थोरला हरवलेला किंवा घराला मेलेला असला तरच भावकीतला वडीलधारा ती टाकतो. आणि एकदा ती तशी पडली, की त्या थोरल्याला मरेपर्यंत घरात थोरलेपण उरत नाही.

चार दिवस बैठका झाल्या. शेवटी ओडेराचे काका, जादुओंग ओवागा, काठी आपटून म्हणाले, "माती भावाने टाकावी. पण थोरल्याने त्याच वेळी, सगळ्यांच्या कानांवर पडेल असं, स्वतःच्या तोंडाने तसं सांगावं. आधी भरून ठेवलेला आवाज नको. आमचं ऐकून उत्तर देईल तो माणूस हजर, नाही देणार तो गैरहजर. मग माती मी टाकीन." जादुओंग म्हणजे वयाने मोठा, मानाचा माणूस. त्यांचा शब्द शेवटचा.

म्हणजे ओडेराचं थोरलेपण अपोंडीच्या त्या मागच्या फटीवर येऊन टेकलं.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं त्या अंगणात गेलो. मी खांबांच्या जागा आखल्या, तिने लाइन मोजली. येणारा बत्तीस, जाणारा अकरा. ती खूश झाली. ओचोला छाती काढून म्हणाला, "न्यार यिंबो, सिममध्ये पन्नास जीबी टाकलेत. बाजारातला सगळ्यात मोठा पॅक. आता आवाज अडकायचं नाव घेणार नाही."

"म्वालिमू, पन्नास जीबी ही टाकी झाली," ती म्हणाली. "भरून ठेवलीत, चांगलं केलंत. पण धार किती पडते ते नळावर आहे. टाकी तुमची, नळ त्या टेकडीवरचा. तो सगळ्या गावाचा."

"पण अकरा आलेत ना?"

"आलेत," ती म्हणाली, आणि वहीत अकरा लिहून त्याला गोल केला. त्या गोलानेच पुढे घात केला.

शनिवारी अकरा वाजेपर्यंत सगळं सुरळीत होतं. ओडेरा पडद्यावर आला. काळा सूट, टाय, मागे पांढरी भिंत. त्याच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते. मी त्याचा आवाज माझ्या भोंग्यांना जोडून दिला. तो "आई" एवढं म्हणाला आणि बायकांनी हंबरडा फोडला. मला वाटलं, झालं, आजची मयत देखणी होणार.

मग नैरोबीच्या बसेस आल्या. एक नाही, पाच. म्वालिमूचे जुने विद्यार्थी, चर्चच्या तीन मंडळ्या, निवडणुकीला उभा राहणारा एक गृहस्थ आणि त्याच्या टोप्या घातलेली माणसं. मी पाचशे खुर्च्या लावल्या होत्या, माणसं नऊशेच्या वर झाली. आणि एकाचेही हात रिकामे नाहीत. जो तो फोन उंच धरून आपापल्या गोतावळ्याला मयत दाखवतोय. गायक मंडळी गातायत आणि दाखवतायत. रडणारी बाई एका हाताने डोळे पुसते आणि दुसऱ्या हाताने फोन धरते. त्या पुढाऱ्याचे तर तीन जण त्याच्याच भोवती तीन बाजूंनी. माझं डोकं फिरलं. मी जनरेटरपाशी उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवत होतो, "अरे, मेली कोण आणि मिरवतंय कोण! हात खाली ठेवायला काय झालं?"

साडेबाराला पेटी घराबाहेर काढली आणि अपोंडीच्या पडद्यावर जाणारा आकडा दोनवर आला. मग एक. मग शून्य पूर्णांक एक.

ती गडबडली नाही. तिने चित्र लहान केलं. आणखी लहान केलं. मग चित्र बंदच केलं आणि नुसता आवाज ठेवला. तरी पलीकडे काही जाईना. रांगेत नऊशे जण घुसलेले, त्यात आवाजाचे तुकडे चेंगरत होते.

आणि मग ते झालं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. ओडेराचा आवाज येत होता. पुढचं फाटक मोठं, त्यातून तो अगदी खणखणीत येत होता. आपलं मात्र त्याच्याकडे काहीच जात नव्हतं.

"हॅलो?" माझ्या आठही भोंग्यांतून तो म्हणाला. "ओचोला? काही दिसत नाही. काही ऐकू येत नाही. आहे का कोणी?"

ओचोला माईकवर ओरडला, "दादा! आम्ही आहोत, दादा!"

"हॅलो? मी इथेच आहे. मी सूट घालून उभा आहे. कोणीतरी बोला ना." मग हळू आवाजात, "आई खाली गेली का?"

ओचोलाने साधा फोन लावून बघितला, नेटवर्क व्यस्त. अपोंडीने संदेश लिहिला, तो तिच्याच पडद्यावर फिरत राहिला. नऊशे माणसांच्या मयतीत एक पोरगा विचारत होता, की माझी आई पुरली का, आणि त्याला हो किंवा नाही म्हणणं कोणाच्या हातात नव्हतं.

पाद्र्याने घड्याळ दाखवलं. "म्वालिमू, एक पस्तीस झाले. तीन वाजता मला दुसऱ्या गावात दुसरी मयत आहे. दोनला मी निघणार म्हणजे निघणार." जादुओंग ओवागांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कबरीपाशी जायचं झालं की ते टोपी काढतात.

अपोंडी माझ्याकडे आली. "मी गुरुवारी मोजलं, ओमेरा. रिकाम्या अंगणात मोजलं."

मी तिला धीर द्यायला हवा होता. पण माझी जीभ म्हणजे मेली चाकू आहे. मी म्हणालो, "रिकाम्या मांडवात खुर्च्या मोजल्या तर नेहमीच पुरतात. एवढं तर माझं गाढवही जाणतं."

तिने खाली बघितलं. मग माझ्या हातातला माईक घेतला. "माझ्या माणसांनो, हात जोडून विनंती आहे. पंधरा मिनिटं तुमच्या फोनचं इंटरनेट बंद करा. सगळ्यांनी एकदम पाठवल्यामुळे ओडेरापर्यंत काही पोचत नाही. फक्त पंधरा मिनिटं."

लोकांनी तिच्याकडे बघितलं. काहींनी फोन तिच्याकडे वळवले आणि तिचंच दाखवायला लागले. पुढाऱ्याचा एक जण म्हणाला, "ताई, आमचं वेगळ्या कंपनीचं आहे." बाकीचे म्हणाले, "माझ्या एकट्याच्या फोनने काय होतंय?" प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य. पडद्यावर शून्य पूर्णांक एक.

"हॅलो," भोंगा म्हणाला. "मी थांबतोय. मी फोन ठेवत नाही."

तेव्हा दानी आलू उठली. दानी म्हणजे आजी. ही पेरेसची सवत, वय ब्याऐंशी. दोघींची चुलीपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यावरून चाळीस वर्षं भांडणं. सकाळपासून ती पेटीपाशी बसून अशी रडत होती, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिची सख्खी बहीण गेली. ती माईकपाशी आली, माईक कसा धरायचा ते तिला ठाऊक नव्हतं, अपोंडीने तो तिच्या तोंडापुढे धरला.

"त्या पेटीत माझी सवत आहे," ती म्हणाली. "तिच्या कोंबड्यांनी माझी ज्वारी खाल्ली आणि माझ्या कोंबड्यांनी तिची. आमचं आम्ही बघून घेतलं. पण तिचा हा पोरगा माझ्या दारातून कधी उपाशी गेला नाही. तो विचारतोय, आई खाली गेली का. तुम्हाला ऐकू येतंय ना? मग उत्तर द्या की! का नाही देत? कारण तुमच्या हातात ती खेळणी आहेत, आणि त्याच्याकडे जायची वाट तुम्हीच अडवून बसलायत."

तिने मान वळवून एकेकाला न्याहाळलं.

"आता नीट ऐका. या भागात माझ्यासारखं रडणारं कोणी उरलेलं नाही. ज्याचा फोन चालू दिसेल त्याचं तोंड मी लक्षात ठेवणार. त्याच्या घरी माणूस गेलं, की मी जाणार नाही. माझ्या सुना जाणार नाहीत, आमचं मडकं त्याच्या चुलीवर चढणार नाही. मग रडा एकटेच, फोन धरून!"

आमच्याकडे माणूस कर्ज विसरतो, शिवी विसरतो, पण माझ्या मयतीला कोण आलं नाही हे त्याची नातवंडंसुद्धा विसरत नाहीत. पहिल्या रांगेतले हात खाली आले. मग दुसऱ्या. गायक मंडळींनी फोन बॅगेत टाकले. टोप्यांचे लोक एकमेकांकडे बघत होते, तेवढ्यात पुढाऱ्यानेच त्यांना कोपराने ढोसलं. त्यालाही म्हातारी आई होतीच. अपोंडी आकडा बघत होती. शून्य पूर्णांक चार. एक. तीन. पाच.

"आता ऐकतोयस का, ओडेरा?" ती माईकवर म्हणाली.

"हॅलो? कोण... काय... परत बोला?" त्याला आपलं तुकड्यातुकड्यांत जात होतं, हे तो भांबावून मध्येच थांबत होता त्यावरून कळत होतं.

एक अठ्ठेचाळीस. अपोंडीच्या कपाळावर आठी पडली. "टॉवर मोकळा झालाय," ती स्वतःशीच पुटपुटली. "मग माझंच कुठे अडतंय?" तिने राउटरवर जोडलेल्यांची यादी उघडली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. यादीत असायला हवा एकटा लॅपटॉप. त्याखाली आणखी एक नाव होतं.

ते माझ्याच फोनचं होतं.

नवे तंबू घेतले होते मी. पांढरे, कडेला सोनेरी झालर. पेरेसची मयत मोठी होणार, चार गावांची माणसं बघणार, म्हणून सकाळीच मी माझा फोन मधल्या खांबाला, नऊ फुटांवर, चिकटपट्टीने बांधला होता आणि गिऱ्हाइकांसाठी मांडव दाखवत ठेवला होता. तिच्याच राउटरवरून. पासवर्ड मला माहीत होता ना! सकाळपासून मी जगाला शिव्या घालत होतो, आणि तिच्या फटीत सगळ्यात पुढे, आडवा पडून, मीच होतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय?

अपोंडीने वर बघितलं. तिला तो खांबावरचा फोन दिसला. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी खुर्ची ओढली आणि नऊशे माणसांसमोर तिच्यावर चढलो. चिकटपट्टी निघेना. दातांनी तोडली. खालून दानी आलूचा आवाज आला, "ओबोन्यो, तुझ्या मयतीला तंबू कोण लावणार आहे रे?" मी फोन बंद केला, खुर्चीवरून उतरलो आणि जनरेटरच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो.

पेटी दोरांवरून खाली गेली. एक चौपन्न. ओचोला कबरीच्या कडेला, हातात माईक. "ओडेरा दादा," तो म्हणाला. "आई खाली गेली. मी तुझा धाकटा भाऊ. तुझ्या आधी माझा हात मातीला लागत नाही. सांग, मी काय करू?"

भोंग्यांतून नुसती खरखर.

पाद्र्याने पुस्तक मिटलं. जादुओंग ओवागा काठीवर भार देऊन उठले, एक पाऊल पुढे आले आणि मातीकडे वाकले.

"थांबा!" अपोंडी ओरडली. मयतीत तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "जादुओंग, पाया पडते, थांबा. गेलंय त्याच्याकडे. मी आवाज उशिरा पण अख्खा जाईल असं केलंय. वाट लांब आहे. त्याला ऐकू जायला वेळ, त्याचं यायला वेळ."

म्हातारा वाकलेला तसाच राहिला. माती आणि त्याची बोटं यांच्यात वीतभर अंतर. मी मनात मोजत होतो. चार. पाच. सहा. सात.

"ऐकलं," भोंगा म्हणाला. "ऐकलं, ओचोला. दादा बोलतोय."

जादुओंग सरळ झाले.

"माझा हात पोचत नाही," ओडेरा म्हणाला. "तुझा लांब कर. दोन मुठी टाक. पहिली माझी, दुसरी तुझी. पहिली टाकताना माझं नाव घे." मग त्याचा आवाज फुटला. "आणि चित्र नको मला. फोन बंद करू नका. मला ऐकू दे."

ओचोलाने माती उचलली. "ओडेरा," तो म्हणाला, आणि मूठ सोडली. मग दुसरी. मग भावकीतले तरुण फावडी घेऊन पुढे आले. पाद्र्याने घड्याळाकडे बघितलंही नाही.

तेव्हा अपोंडी खुर्चीवरून उठली. लॅपटॉप तिने तसाच उन्हात सोडला, ओचोलाच्या हातातून माईक घेतला आणि कबरीच्या काठावर जाऊन गुडघ्यांवर बसली. कबरीकडे तोंड करून. माईक तिने खड्ड्यावर धरला. पहिल्यांदा माती लाकडावर पडते तो पोकळ आवाज, मग माती मातीवर पडते तो जड, दबलेला आवाज. भोंग्यांतून तो आम्हाला ऐकू येत होता आणि काही सेकंदांनी कॅनडातल्या त्या खोलीत. तिचा हात भरून आला तसा तिने तो दुसऱ्या हाताने धरला. एका पोराने माईक घ्यायला हात पुढे केला, तिने मान हलवली. खड्डा भरला, वर उंचवटा झाला, फावड्यांच्या पाठीने तो थापून झाला. शेवटची थाप पडेपर्यंत ती उठली नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. ती पेरेससाठी रडत नव्हती, हे त्या अंगणात मला एकट्याला माहीत होतं.

त्या अर्ध्या तासाचं चित्र कोणाच्याच फोनमध्ये नाही.

संध्याकाळी तंबू उतरवून झाल्यावर मी तिच्यापाशी गेलो. काय बोलायचं ते मी तीनदा जुळवलं होतं. ती वायर गुंडाळत होती. मी तोंड उघडलं तशी तीच म्हणाली, "चहा उरलाय का, ओमेरा?" मी आणून दिला. दोन चमचे साखर. तिने तो उभ्यानेच प्यायला.

आता ती गुरुवारी मोजत नाही. मयतीच्या दिवशी, भर दुपारी, गर्दी जमल्यावर मोजते, आणि त्याआधी माझ्या भोंग्यावरून फोन खाली ठेवायला सांगते. लोक ऐकतात. दानी आलू पुढच्या रांगेत असली तर लगेच ऐकतात.

पेरेसनंतरच्या शनिवारी एका मयतीत मी सवयीने खिशातून फोन काढला. तो तिच्या राउटरला आपोआप जोडला जायचा, तसा जोडला गेला नाही. तिने पासवर्ड बदलला होता. नवा काय ते मी अजून विचारलेलं नाही.